भिंतीलगतचा पहिला कप्पा

धाकटी : चहात नुसता चमचा फिरवत बसू नकोस, ताई. फोनवर रडलीस म्हणून ड्युटीवरून थेट आलेय. काय झालंय?

मोठी : उद्या तुमच्या वॉर्डातल्या मास्तरांच्या हृदयाला आमच्या कंपनीचा पंप बसवणार आहेत ना, ते थांबवायला हवं.

धाकटी : डोकं ठिकाणावर आहे का? दोन महिने वाट बघतायत ते.

मोठी : माझं गणित चुकलंय गं.

धाकटी : कसलं गणित? मला कळेल असं सांग.

मोठी : रक्त पंपाच्या भिंतीला किती घासतं, ते मी कॉम्प्युटरवर काढते. फार घासलं की रक्तपेशी फुटतात. भिंतीला लागून रक्त जवळजवळ थांबलेलं असतं आणि जरा आत गेलं की भरधाव. सगळी घासाघीस तेवढ्याशा जागेत. आम्ही आतल्या पोकळीचे बारीक कप्पे पाडतो. त्यातला भिंतीलगतचा पहिला कप्पा केसाहून पातळ हवा.

धाकटी : आणि तू?

मोठी : जाड ठेवला. जुन्या पाण्याच्या पंपाची फाईल उघडली, नाव बदललं, आकार बदलला. कप्प्याची जाडी तशीच राहिली. ऑफिसात सगळे असंच करतात.

धाकटी : मग आकडे वेडेवाकडे यायला हवे होते ना?

मोठी : तेच तर. कप्पा जाड असला की प्रोग्राम भिंतीजवळचं नीट मोजत नाही, ठरलेल्या सूत्राने अंदाज बांधतो. इतका छान आकडा आला की मी डोळे झाकून सही केली. काल पातळ कप्पे घालून बघितलं. घासणं तिप्पट निघालं.

धाकटी : खरं रक्त फिरवून बघितलं असेल की.

मोठी : पंप कमी वेगाने चालवून. जास्त वेगाचं सगळ्यांनी माझ्या आकड्यांवर सोडलं.

धाकटी : साहेब काय म्हणतात तुझे?

मोठी : लेखी दे, सोमवारी बघू.

धाकटी : ऑपरेशन उद्या, आणि हा बाबा सोमवारी बघणार.

मोठी : म्हणून तुझ्या सर्जनांचा नंबर हवाय मला.

धाकटी : साहेबांना डावलून? नोकरी जाईल.

मोठी : जाईल.

धाकटी : आणि मास्तर? हृदय चालवणाऱ्या त्या ट्रॉलीवरच्या मशीनला अजून बांधून पडायचं त्यांनी? दारापर्यंत जाता येत नाही त्यांना. आता घरी जाणार म्हणून काल मुद्दाम दाढी करून घेतली.

मोठी : तेच जिवाला लागलंय. पण हा पंप घेऊन ते घरी गेले, तर आठवड्याभरात परत आणाल त्यांना. तेही आणता आलं तर.

धाकटी : सकाळी विचारत होते, सिस्टर, यंत्र भरवशाचं आहे ना?

मोठी : तू काय म्हणालीस?

धाकटी : म्हटलं, माझ्या सख्ख्या ताईने गणित केलंय त्याचं. निर्धास्त राहा.

(धाकटी सर्जनांचा नंबर लावून फोन ताईच्या हातात देते. पलीकडे रिंग वाजू लागते.)

धाकटी : आता कोणत्या तोंडाने जाऊ गं त्यांच्यासमोर?

मोठी : सांग, ताईने गणित परत करून बघितलं.