हात वर न करता

हॅलो? … "सर, तुम्ही कोणाला मत दिलंत?" … हो, हिस्टरीच्या सरांना, अगदी याच शब्दांत, भर वर्गात. आसावरी, या चैत्रालीनं शब्द दिला म्हणजे दिला. … अविवाला विचार, ती माझ्या बाजूच्याच बाकावर होती. तुम्ही लेस्टरवाल्यांनी डेअर दिली, आता चकल्या पाठवा.

… काय म्हणणार? आधी हसले. मग म्हणाले, "सांगणार नाही. हे न सांगण्याचा हक्क मिळावा म्हणून लोक तुरुंगात गेलेत."

… हो ना, काटाच आला. … अगं ऐक ना, तेव्हा मत सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायला लागायचं. जमीनदार समोर उभा. त्याचं तोंड बघायचं आणि मग बोलायचं. … हो, तेच, मताचा हक्क मागणारे कामगार, चार्टिस्ट. अठराशे अठ्ठेचाळीस. … तुमचं पण झालंय? मग तर ऐकच.

वर्गात बसल्या बसल्या मी तिथे होते गं. केनिंग्टनचं मैदान, पाऊस, माझ्या डोक्यावर कुणाची तरी ओली शाल… आणि लाखो सह्यांची ती अवाढव्य याचिका घोडागाडीतून पार्लमेंटकडे निघालेली. सरांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा… … हॅलो? आहे, आहे. इथे मेडनहेडला नदीवरून धुकं चढतंय, ते बघत राहिले.

… मिळालं काय? भोपळा. सहा मागण्या एकदम केल्या, पार्लमेंट हसलं. मग वीसेक वर्षांनी रिफॉर्म लीगवाले आले. त्यांच्या दोनच मागण्या, सगळ्या पुरुषांना मत आणि तेही गुप्त. सभेच्या दिवशी हाइड पार्कचं गेट बंद, म्हणून लोक रेलिंगला रेलले, तर रेलिंगच आडवं. … खरंच. आणि पुढच्या वर्षी शहरातल्या कितीतरी कामगारांना मत. गुप्त मतदान आणखी थोड्या वर्षांनी.

… मला काय त्याचं? अगं, गेल्या वर्षी मी काय केलं? पियानो बंद, नवा मोबाइल, स्लीपओव्हर, वेगळी खोली… सगळं एका दमात मागितलं. … तेच. भोपळा. या वेळी एकच मागणी. हिस्टरी.

… उद्या स्कूलला सांगायचंय, पुढची दोन वर्षं ए-लेव्हलला कुठले विषय घेणार ते. बाबांचं ठरलंय, मॅथ्स, फिजिक्स, केमिस्ट्री. आज जेवताना मतदान. … हो, आमच्याकडे सगळं हात वर करून. बाबांना केवढा अभिमान, आपल्या घरात म्हणे लोकशाही आहे. पण आधी त्यांचा हात वर जातो, मग आई त्यांच्याकडे बघते, मग तिचा. … धाकटा अपूर्व माझ्या बाजूनं. म्हणजे सगळं आईवर.

… आई कुणाच्या बाजूनं, कसं सांगू? कधी बोलत नाही ती. पण काल भात करपला. जाऊन बघते तर गॅसपाशी उभी राहून माझं चार्टिस्टांचं पुस्तक वाचतेय. … शप्पथ.

… बाबा हाक मारतायत. थांब, ठेवू नकोस. नुसती ऐक.

बाबा, आई… आज हात वर करायचे नाहीत. चिठ्ठ्या टाकायच्या, या श्रीखंडाच्या डब्यात. … नाही बाबा, भांडत नाहीये. … माझं मत मी उघड सांगते. मी हिस्टरी घेणार. तुमचं तुम्ही लपवून द्या. …

आसावरी? ठेवते गं. बाबा अजून बोलतायत… आणि आई पेन शोधतेय.