बीचचा दांडा

...नाही, मला सांगा, खराटा घ्यायला बत्तीस देश लागतात? पालापाचोळा झाडायला? आमच्या बेल्जियममधल्या आर्देनच्या डोंगरात माझा बाप खराटे बांधायचा, मी बांधतो, गिऱ्हाईक येतं, दांडा हातात तोलून बघतं, घेऊन जातं... संपलं! पण गावाबाहेर त्या बत्तीस देशांच्या युतीचा लष्करी तळ आहे ना, तिथला मेजर कास्टर्मान्स आला, म्हणाला, "मस्यू फिर्मां, दोनशे खराटे हवेत." मी बांधायला बसलोसुद्धा! बायकोला म्हटलं, ओदील, कारखाना वाचला! कारण वर्षभर ती डोकं खातेय, विकून टाक त्या ब्रसेल्सवाल्याला, तो सुट्टीचं घर करणार म्हणे... माझ्या बापाच्या कारखान्यात बाथटब!

तर तुम्हाला सांगतो, यांची खरेदी कशी? कागद बत्तीस देशांना जातो. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कोणी काही बोललं नाही, की मंजूर! मत नाही, हात वर नाही, गप्प म्हणजे हो! सोमवार गेला... कोणी काही बोललं नाही. बुधवार गेला... कोणी काही बोललं नाही. एवढे पगार घेतात, आणि काम काय? गप्प बसणं!

गुरुवारी मेजरनं मोठ्या कौतुकानं तो कागद दाखवला. तीस पानं! खराट्याची! आणि सतराव्या पानावर काय? दांडा बीचच्या लाकडाचा. बीचचा!! अहो, बीच ओलाव्यात कुजतो, खराट्याला हेझलचंच लाकूड लागतं, शेंबडं पोरही सांगेल! मेजर म्हणतो, "मस्यू, उद्या बारापर्यंत तेवढं गप्प बसा, मग हवा तो दांडा लावा." ओदील म्हणते, "फिर्मां, जन्मात एकदा तरी तोंड मिटून बस!"

मी? गप्प? सकाळी नऊला फोन लावला, युतीत आपल्या देशाचा जो माणूस बसतो ना, थेट त्याच्या कचेरीत, आणि फोनवरच्या बाईला असं झापलं, असं झापलं...! ती थंडपणे म्हणते, "नागरिकाचा आक्षेप आहे, पुढे मांडावा लागेल." आणि मांडला की हो! एकतीस देश गप्प, आणि साडेअकराला तोंड उघडलं कोणी? बेल्जियमनं!

मेजरचा फोन आला. "अभिनंदन मस्यू, दांडा हेझलचा होणार! आता नवा कागद बत्तीस देशांना जाईल. पुढच्या हिवाळ्यात बघू."

दोनशे खराटे भिंतीला टेकून उभे आहेत. परवा कॉफी ओतता ओतता ओदील म्हणाली, "ब्रसेल्सवाल्याला हो कळवते. नको असेल तर शुक्रवारी बारापर्यंत सांग."

आज शुक्रवार. बारा वाजून गेले.

...कोणी काही बोललं नाही.