पुढची दोरी

नाही भाऊ, अशी ठोकून नका पाहू — प्लास्टिक आहे ते, ठोकलं तं आवाज तसाच येणार, टरबूज थोडी घेऊन राहिले तुम्ही. या, इकडून या, सावलीतून. फोनवर मी काय सांगितलं होतं? गाडी अन् दोन्ही कयाक, ह्या वल्ह्याच्या होड्या, सोबतच जातील, सुट्टं काही विकायचं नाही — अन् आता तुम्ही विचारून राहिले, नुसती गाडी द्याल काय, कयाक आम्ही नवीन घेऊ, रंग पाहून. रंग पाहून! गांधीबागेत साड्यांचं दुकान आहे म्हणाले ना तुम्ही — हो, तं मॅचिंग पाहायची सवयच लागली असेल. बसा त्या स्टुलावर. नाही हलत, बसा.

ही मिनीबस होती, शाळेची. दरवाजाच्या आतून पाहा, पिवळा रंग अजून दिसते. आमचे मनोहरराव — माझे मिस्टर — खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात बत्तीस वर्षं बॉयलरवर होते. रिटायर झाले अन् दुसऱ्याच महिन्यात ही गाडी घेऊन आले. लोक रिटायर झाले की बंगल्यावर मजला चढवतात, पोरीजवळ पुण्याले जाऊन राहतात. यांनी काय केलं? सीटा काढल्या, पलंग बसवला, गॅस बसवला, पाण्याची टाकी बसवली, अन् मले म्हणतात, चल वं, आता घरच सोबत घेऊन फिरू. मी म्हटलं, घर सोबत न्यायचं तं स्वयंपाकही सोबतच आला ना माझा! तं हसले. त्यांचं असंच — बोललं की हसतात. मंग खिंडसीच्या तलावावर एकदा कोणाच्या तरी कयाकमध्ये बसले अन् डोकं फिरलं. साठाव्या वर्षी. एक नाही, दोन मागवल्या, एक त्यांची, एक माझी. मी मागितली होती काय यांना? मले पोहता नाही येत. जिंदगीत बादलीपेक्षा खोल पाण्यात हात नाही घातला मी.

अन् ही काय आणली तुम्ही सोबत — दाखवा बरं. ही? नायलॉनची? भाऊ, ही कपडे वाळू घालायची दोरी आहे. ह्या दोरीनं गादी बांधतात टेम्पोवर, घर बदलताना. मोबाईलवर पाहिलं म्हणता — हो, मोबाईलवर सगळंच सोपं असते. बारा फुटाची वस्तू आहे ही, गाडी ऐंशीनं चालली की खालून हवा शिरते, अन् ती उडायले पाहते, पतंगासारखी. म्हणून पालथी ठेवायची, त्या लोखंडी दांड्यांवर, खाली रबर देऊन. मंग दोन पट्टे, आडवे. पट्ट्याले एक पीळ द्यायचा, नाही तं रस्ताभर भुंग्यासारखा वाजते. अन् जास्त करकचून नाही आवळायचं, आपल्या इथलं ऊन आहे, मे महिन्यात प्लास्टिक मऊ पडते, खड्डा पडते त्याले. अन् पट्ट्यांवर भरवसा नाही ठेवायचा — पुढच्या टोकाले एक दोरी, खाली बंपरच्या हुकाले. मागच्या टोकाले एक. काहून? पट्टा सुटला तं दोरीनं धरली पाहिजे. समजलं काय? नाही समजलं. तुम्ही गाडीच्या पडद्याकडे पाहून राहिले.

आतमध्ये ठेवू म्हणता? ठेवा ना. मीही तेच म्हटलं होतं पहिल्यांदा. ड्रायव्हरच्या सीटपासून पलंगापर्यंत बरोब्बर बसते, एक इंच इकडे नाही, तिकडे नाही. मंग तुम्ही पलंगावर झोपा अन् नाकाजवळ ते ओलं टोक, शेवाळाचा वास. चहा करायचा तं तिच्यावरून टांग टाकून जा. तारकर्लीले जाताना दोन दिवस तसं केलं आम्ही, तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, घाला ते वर. अन् मागं शिडीले उभी बांधू नका, नंबर प्लेट झाकते, पोलीस थांबवतात. हवा भरायची कयाक मिळते, हो, तीही पाहिली — गावातल्या जत्रेतला फुगा. बाभळीचा एक काटा लागला की बसा काठावर.

घरी आल्यावर इथं, ह्या टिनाखाली. पाहा, भिंतीले रुंद पट्ट्यांचे झोके केले त्यांनी, त्यात आडव्या झोपवतात, कडेवर. टोकाच्या मुठीले टांगून ठेवली तं वाकडी होते, केळासारखी. दर रविवारी पुसतात, झाकतात. एवढं तं त्यांनी पोरीले, हर्षाले, लहानपणी न्हाऊ नाही घातलं. मी ओट्यावरून पाहते अन् मले — जाऊ द्या.

कोणती? ती नारिंगी? हं. ती चीर आहे, टोकापासून हातभर. गरम करून बुजवली आहे, पाणी नाही जात आत. कशाची म्हणजे, रस्त्याची. पडली होती. लपवायचं काय त्यात, सांगते, उगाच मागून म्हणाल बाईनं फसवलं.

मागच्या वर्षी, जानेवारीत. मध्य प्रदेशातून वापस येऊन राहिलो होतो, छिंदवाड्याकडून. सकाळची वेळ. सावनेर अजून आलं नव्हतं, चारपाच किलोमीटर राहिलं असेल. रस्ता नवीन, मोकळा, मिस्टर गाणं गुणगुणून राहिले होते. वरून आवाज आला — खर्र — अन् समोरच्या काचेवर ह्या नारिंगीचं टोक दिसलं मले, वर उठलेलं, आभाळाकडे. एवढंच दिसलं. मंग ते मागं गेलं. पट्टा सुटला, त्या झटक्यानं मागचंही सगळं तुटलं, अख्खी कयाक फिरली अन् मागं रस्त्यावर पडली, अन् मागून मोटरसायकलवर एक पोरगा येऊन राहिला होता. सव्वीस वर्षांचा, रोशन, सावनेरचाच. तिच्यावर आदळला. गुडघ्याचा चुरा झाला, खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या बहिणीचं लग्न होतं, पत्रिका वाटून राहिला होता तो. पिशवी फाटली अन् रस्ताभर त्या पत्रिका, लाल, गणपती छापलेल्या. हे त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते अन् मी — मी पत्रिका वेचून राहिली होती. एकेक झटकून. कोणी विचारलं असतं, काहून बाई, तं काय सांगितलं असतं मी? एकशे आठवर फोन केला कोणीतरी, गाडी आली. तो वाचला. वाचला हो, घाबरू नका, ठणठणीत आहे, जरासा लंगडते.

तेच सांगून राहिली मी तुम्हाले मघापासून. असं होते. लोक घाई करतात. दोन माणसं लागतात बांधायले, अन् दोघांचं काम ठरलेलं पाहिजे. आमचं ठरलेलं होतं पहिल्या दिवसापासून — मागचा पट्टा अन् मागची दोरी त्यांची, पुढचं माझं. बंपरवर पाय दिला की माझा हात पोहोचते, हुक तं खालीच आहे. एकानं दुसऱ्याचं तपासायचं, पण ते कधी माझं तपासत नव्हते. विचारायचे फक्त, पुढची झाली काय वं? मी म्हणायची, झाली. निघायचे. आता बोला, असा माणूस —

काय झालं? असं काय पाहून राहिले माझ्याकडे?

पुढचं टोक वर उठलं, हो, तसंच म्हटलं मी. अन् पुढचं माझं. तेही मीच म्हटलं. साडीवाले हुशार असतात, मानलं तुम्हाले.

मंग ऐकाच आता. अर्धवट ऐकून जाल अन् गांधीबागेत भलतंच सांगाल. त्या सकाळी मी पहिल्यांदा बसली होती कयाकमध्ये. वर्षभर मागं लागले होते, बस, बस, काही होत नाही, जॅकेट आहे. तिथं तलाव होता एक, काठावर आठदहा लोक, इंदूरचे, त्यांच्याही मोठ्या मोठ्या गाड्या. बसली. अन् दहा हात नाही गेली की उलटली. कमरेएवढं पाणी होतं हो, उभी राहिली असती तं पाय टेकले असते, पण मले काय माहीत, मी हातपाय मारून राहिली, अंगातला गाऊन तोंडावर, नाकात पाणी. अन् हे हसले. काठावरचे ते लोक हसले अन् त्यांच्यासोबत हेही हसले. मंग आले, उचललं मले, पण आधी हसले. छत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्यावर हजारदा हसली असेन, चारचौघांत, तोंडावर. ते माझ्यावर असे एकदा हसले.

कपडे बदलले. त्यांनी कयाक वर चढवल्या, मी पुढचा पट्टा घातला — घातला, पण ओढला नाही. दोरी हुकाले दोन वेढे दिले अन् तशीच सोडली. गाठ नाही मारली. विसरली नाही मी, भाऊ. मनात आलं, मरू दे, त्यांची हौस आहे, त्यांनी बांधावी. त्यांनी मागून विचारलं, पुढची झाली काय वं? मी म्हटलं, झाली.

पोलीस आले तेव्हा ती दोरी कयाकच्या पुढच्या टोकाले तशीच होती, अख्खी, तुटलेली नाही, उसवलेली नाही. ह्यांनी पाहिली. बॉयलरवरचा माणूस आहे, नजर अशी की सुई दिसेल. पाहिली अन् जमादाराले म्हणाले, दोन्हीकडची मीच बांधली होती साहेब. माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. केस त्यांच्यावर, कोर्टाच्या तारखा त्यांच्या. अन् घरी आल्यावर मी काय म्हटलं असेल? पट्टाच सडका होता म्हटलं, तुम्ही स्वस्तातला आणला. ते म्हणाले, हो, असेल. असेल! अरे, ओरडा ना माणसासारखे. ताट फेका. दीड वर्ष झालं, एक शब्द नाही. असा चांगुलपणा मले नाही पाहवत, सांगून ठेवते, अशा माणसासोबत राहणं काय असते ते तुमच्या बायकोले नाही समजणार, तुम्ही तं तसे नाही दिसत.

आज ते सावनेरलेच आहेत, रोशनकडे. आधी दवाखान्यात जायचे, मंग त्याच्या घरी, त्याले धरून चालवायले. आता तो चालते, तरी जातात, कॅरम खेळतात दोघं. तो पोरगा मले काकू म्हणते. बहिणीच्या लग्नातले अनारसे पाठवले होते डबा भरून, काकूनं पत्रिका वेचून दिल्या म्हणून. खाल्ले मी. एक खाल्ला. बाकीचे मोलकरणीले दिले. अन् आता त्या पोराले काय वाटावं? म्हणते, काका, मले बसायचं आहे त्या कयाकमध्ये एकदा. गुडघ्यात स्क्रू आहेत अन् त्याच कयाकमध्ये बसायचं आहे, नारिंगी. येडा आहे. अन् हे दुसरे येडे — मागच्या सोमवारी जेवताना मले म्हणतात, पुढच्या रविवारी जाऊ खिंडसीले, तिघंही. मी म्हटलं, मी नाही येत. तं भात कालवता कालवता म्हणाले, ये वं. पुढची तूच बांध.

मंगळवारी मी जाहिरात टाकली. त्यांना नाही सांगितलं.

नाही, मले सल्ला नका देऊ. रोशनले सांगून टाका म्हणे! तुम्हाले काय जाते बोलायले, स्टुलावर बसून. तुम्ही किती वेळचे आले, चहा नाही घेतला, गाडीखाली वाकून नाही पाहिलं, टायर नाही पाहिले, दोरी आणली तं ती कपड्याची, अन् ऐकलं मात्र सगळं, कान देऊन. तुम्हाले ही गाडी दिली तं महिनाभरात आणखी एखाद्याच्या अंगावर पाडाल. नाही विकायची. हो, बदललं मन, माझं मन आहे, माझ्या दारात आहे. फोनही नका करू. दुसऱ्या कोणाले पाठवूही नका.

उठा. ती दोरी घ्या तुमची, इथं नको. अन् गेट ओढून घ्या जाता जाता — तसं नाही लागत ते, थोडं उचला — हं. जा आता.