यंदा जमीन तीन मिलिमीटर वर आली

...नाही, दोन पानांत? तुम्हीच सांगा, दोन पानांत मावतो का देश? गावकचेरीतली ती मार्यूबाई म्हणते, "गुरुजी, स्वीडनच्या पाहुण्यांना पत्रक वाटायचंय. एस्टोनियाचा इतिहास नि भूगोल, दोन पानं, आणि रडगाणं नको हं!" रडगाणं नको म्हणे! मग इतिहासात घालू काय, बटाटे? डेन आले, जर्मन आले, स्वीडिश आले, रशियन आले, गेले, पुन्हा आले... अहो, देश केवढा? तळहाताएवढा! पण जो येतो तो बूट न काढता आत!

बरं, भूगोल घ्या. आमचा किनारा समुद्रातून वर येतो, वर्षाला तीन मिलिमीटर. चाळीस वर्षं शिकवलंय शाळेत, थट्टा नाही! इतिहास वरून हुकूम येईल तसा बदलायचा, नकाशेसुद्धा मेले खोटे छापायचे, पण जमीन? ती आपली गुपचूप वर!

तर चव्वेचाळीस साली माझा थोरला भाऊ हेल्दुर, वय एकोणीस, जर्मन नि रशियन, दोन-दोन सैन्यं त्याला भरती करायला मागावर, होडीत बसून निघाला स्वीडनला. आईला म्हणाला, "शनिवारच्या आंघोळीला येतोच." शनिवारी सौना, म्हणजे आमची वाफेची न्हाणी, तापवायची ना सगळ्यांच्या घरी! आई तापवायची, आणि वाफेत अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची एक जुडी त्याच्यासाठी वेगळी भिजवायची. दर शनिवारी! मी म्हणायचो, "अगं, किनाऱ्यावर काटेरी तार, रशियन शिपाई रोज वाळूवर दाताळं फिरवतात, पाऊल उमटलं की कळावं म्हणून. तो येणार कुठून?" तर म्हणायची, "तुझा भूगोल तू शाळेत शिकव."

पुढे पत्रं सुरू झाली. आईला दिसेना, ती सांगायची, मी लिहायचो. एकोणनव्वदला आई गेली... आणि तुम्हाला सांगतो, मी कळवलंच नाही! का म्हणजे? आईच नाही म्हटल्यावर तो कुणासाठी येईल हो? माझ्यासाठी? मी लिहीत राहिलो. आईच्या नावानं. तीन वर्षं!

आणि देश मोकळा झाला, नि आला की हा! सदुसष्ट वर्षांचा म्हातारा, आणि हट्ट काय, तर जिथून गेलो त्याच धक्क्याला होडी लावणार. मी धक्क्यावर उभा, धक्का गवतात, गवतात गाय, आणि होडी शंभर पावलं लांब चिखलात रुतलेली! तिथून ओरडतोय, "एंडू, धक्का कुठं नेलात रे?"

"मी कुठं नेला? समुद्र गेला!"

देश केवढा, तळहाताएवढा, त्यातही यांना वाट सापडेना!

आला गुडघाभर चिखलातून. शनिवारच होता. मी आपला धास्तावलेला, आता विचारेल, आई कुठाय? पण विचारेचना! सौनात बसला, भिजवलेली जुडी हातात घेतली, नुसता तिचा वास घेत राहिला. मला राहवेना. म्हटलं, "दादा, आई..."

"माहीताय. तीन वर्षांपूर्वी."

"कुणी सांगितलं?"

"तूच! आईचं प्रत्येक पत्र 'जेवलास का?' म्हणून संपायचं. मग एकाएकी यायला लागलं, 'यंदा जमीन तीन मिलिमीटर वर आली.' गाढवा, आई असं लिहील होय रे?"

इतकी वर्षं ते 'जेवलास का' मीच लिहीत होतो हो, या हातानं! वाटायचं, म्हातारीची बडबड. रडलो, दोघंही रडलो, ढसाढसा. वाफ होती म्हणून बरं, कुणाचं काय वाहतंय कळत नव्हतं.

गेला परत, तिकडं नातवंडं आहेत. आणि मार्यूबाईनं माझी दोन पानं परत पाठवली, 'रडगाणं आहे' म्हणून. म्हटलं, बाई, राहू दे, एकच ओळ छापा: "देश तळहाताएवढा आहे, किनारा दरवर्षी थोडा लांब जातो, यायचं असेल तर लवकर या."

त्यातही ती विचारते, "गुरुजी, वेळापत्रक कुठल्या बोटीचं देऊ?"