खालचा स्वर

—नाही हो, चष्मा पुसून काही उपयोग नाही. शाई पुसट नाहीये, तिथं छापलेलंच काही नाही. ऑर्गनच्या या जुन्या पुस्तकात सुरांच्या दोनच ओळी, पायांसाठी वेगळी ओळ नाही, ‘पायाने’ असा शब्द नाही. हा खालचा लांब स्वर डाव्या हातानं धरायचा की पायाखालची पट्टी दाबून धरायचा, ते छापणाऱ्यानं वाजवणाऱ्यावर सोडलंय आणि तुम्ही आता मामंजींवर सोडताय. बसा ना. ते अंघोळीला गेलेत, वेळ लागतो हल्ली — म्हणजे पहिल्यापासूनच लागतो म्हणे, मी काय, कालची आलेली सून.

तर मामंजींचं मत — हातानं. फोनवर मी तुम्हाला सांगितलं तेच. तुम्ही काढताय त्या नव्या पुस्तकात स्पष्ट घालून टाका, ‘हाताने’, म्हणजे पुढच्यांच्या डोक्याला ताप नाही. — हो, तुम्हाला शिकवताना पायानंच म्हणायचे, ठाऊक आहे. चुकलात की घोट्यावर फूटपट्टी बसायची, तेही ठाऊक आहे. पोटच्या मुलालासुद्धा सोडलं नाही, म्हणून तर आमचे हे ऑर्गन सोडून बँकेत चिकटले. पण माणसाचं मत बदलतं की. का बदलू नये?

काय? गेल्या रविवारी मामंजी वाजवत होते तेव्हा सभागृहात मागं बसला होतात? अगं बाई! भेटायचं तरी. — बरं, मग ऐकलंतच. हातानं वाजवला तर हात वर जाताना तो स्वर सुटतो, आणि तुम्हाला तो शेवटपर्यंत ऐकू आला. म्हणजे पायानंच. हं. पायानंच.

पण त्यांच्या नाही.

हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला ना त्यांना — सौम्य होता, बाहेर तेवढंच सांगितलंय — तेव्हापासून डावा पाय नुसता लोंबतो. हात अजून जागच्या जागी आहेत, हातांना काही झालं नाही. आजारानंतर पहिल्यांदा वाजवायला बसले, या जागेशी आले आणि खालचं सगळं रिकामं झालं. मला सुरांतलं ओ की ठो कळत नाही, मी पानं उलटायला बसते, त्यांनी मान हलवली की पान. पण पंगतीतून कुणी अर्धवट उठून जावं तसं वाटलं हो. पुढच्या रविवारी मी चप्पल काढली आणि पाय ठेवला — माझा. डावीकडेच बसते ना मी, पायाखालची पट्टी कुठली ते आजाराआधी त्यांच्या सरावाच्या वेळी बघून ठेवलं होतं. त्यांनी मान हलवली, मी पान उलटलं. त्याच्या पुढच्या वेळी ते बाकावर जरा सरकून बसले, माझ्यासाठी. बस्स. घरी आल्यावर ‘भाजीत मीठ कमी आहे’ — एवढंच आमचं बोलणं.

आता ह्यांची बदली झालीय. पुढच्या महिन्यात आम्ही निघणार, आणि मामंजी म्हणतात, ऑर्गन सोडून मी येत नाही. मग तिथं कोण बसेल? कुणीतरी पानं उलटणारा, तो काय पाय देणार? स्वर मध्येच तुटेल, आणि सभागृहाचे कमिटीवाले कान टवकारून बसलेत, मामंजींना काढायला त्यांना निमित्तच हवंय. पण पुस्तकातच ‘हाताने’ असलं, तर तुटला तरी कोण काय बोलेल? छापलंयच तसं. मत नाही हो बदललेलं त्यांचं. कसं बदलेल? — एक शब्द. तुमच्या हातात आहे. चुकीचा आहे, मला कळतंय, पण कुणाचं काय जातं —

पेनाला टोपण लावलंत तुम्ही.

कळलं. नाही, रागावत नाहीये. दुसऱ्या कुणाकडे शिकला असतात, तर लिहिलं असतं तुम्ही पटकन.

काठी वाजतेय. कागद आत घाला, आणि तोंड असं करू नका, त्यांना लगेच कळतं. — या मामंजी, सावकाश. हो, झालं ना बोलणं. तुम्ही यांना शिकवलंत तसंच छापणार आहेत ते. नाही, चहा नकोय त्यांना. ते निघालेच होते.