चारशे बारा वेळा मेलेली सून

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिंप्याने कान टवकारले. शेजारी अंगठ्याला पट्टी बांधलेली सून आणि तिची सासू बसल्या होत्या.

"गेम तर मागच्याच वर्षी संपला ना गं?"

"संपला, आई. आता एकही फटका न खाता राक्षसाला मारायचंय."

"कुणी सांगितलंय?"

"कुणीच नाही. जमलं तर सोन्याचा कप मिळतो. चित्रातला."

"चित्रासाठी चारशे वेळा मेलीस?"

"चारशे बारा. काल एकच वार उरला होता, तेवढ्यात अंगठा आखडला. आता डॉक्टर महिनाभर खेळू देणार नाहीत. सगळा सराव पाण्यात!"

शिंप्याचा नंबर पुकारला. त्याने खुशाल मागच्याला पुढे धाडलं.

"वार करायचं बटण कुठलं गं?" सासूने विचारलं.

"उजवीकडचं. का?"

"तू नुसतं सांग, दाबते मी. मेला राक्षस समजतो कोण स्वतःला!"