निळ्यावर पिवळी दारं

आफ्रिकेतल्या लोमे शहराच्या बाजारात झिफा कापड घ्यायला थांबली होती. तिच्या पुढच्या बाईचं दुकानवाल्या मावशींशी बोलणं चाललं होतं.

"काळं द्या, मावशी. सहा वार. बहीण गेली माझी."

"कोण गं?"

"माउसी नाव तिचं. कोपऱ्यावर शिवणकाम करायची ती."

"अरे देवा. कापड माझ्याकडनंच न्यायची. शेवटचं नेलं ते हे बघ, निळ्यावर पिवळी दारं."

"हेच. वर्षभर दर रविवारी हेच नेसून चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मला वाटायचं, किती हा कंजूषपणा."

"बोलत नव्हतात?"

"आईच्या घरावरून बिनसलं होतं."

"आणि या कापडाचं नाव तुला ठाऊक नव्हतं?"

"मी पॅरिसला मामाकडे वाढले. तिथं याला नुसतं आफ्रिकन कापड म्हणतात."

"आफ्रिकन कसलं? मेण लावून रंगवायची ही रीत जावा बेटावरची. हॉलंडवाल्यांनी ती उचलली, यंत्रावर तसं कापड छापलं आणि जहाजं भरून इथं आणून विकलं. आपली आहेत ती नावं. माझ्या आईसारख्या बाजारातल्या बायकांनी ठेवलेली. तोंडानं बोलवत नाही, ते नेसून सांगायचं."

"मग याचं नाव काय?"

"‘कडी लावलेली नाही, ये.’"

झिफाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मावशी, याला उत्तर देणारं कापड असतं?" पुढच्या बाईने विचारलं.

"असतं ना. दाखवू?"

"नको. काळंच कापा."